चिंधी एक की दोन

जागेश्वर धकाते कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं टर्बाइनपाशी राबला. तिथल्या जनरेटरच्या चुंबकाला पोल, म्हणजे ध्रुव, दोन. मिनिटाला तीन हजार फेरे झाले, की पन्नास हर्ट्झची वीज निघायची. "घेऊ का, साहेब?" असं वरिष्ठांना विचारल्याशिवाय त्यानं कधी वीज लाइनवर घ्यायचं बटण दाबलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र घरात हाच साहेब! तीन हजार हा आकडा अंगात इतका मुरलेला, की बायको अनुसया म्हणायची, हे मिक्सरलाही तेवढेच फेरे मागतील.

लेक काजलनं उमरेडला भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन टाकलं, आजोबांचा हातमाग होता त्याच खोलीत. तिचं सगळं पोट त्या एका मशीनवर. वीज सारखी जाते म्हणून तिनं जुना डिझेल जनरेटर आणला. वेग लिहिलेली वरची पाटी पार घासून गेलेली. जागेश्वर पहिल्या बसनं हजर. सुरू करायचा मान बापाचा, हे काय सांगायला हवं?

वेगाची दांडी धरून त्यानं जाहीर केलं, तीन हजारावर नेतो. पण काजलनं सकाळीच झाकण काढून आत टॉर्च मारला होता. पोल चार होते. याला अर्धेच फेरे पुरतात, तीन हजारावर इंजिन फुटेल अन् मशीनही जळेल, असं तिनं हळूच सांगितलं. झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"तू मले शिकवशील वं? चौतीस वर्षं मी काय माशा मारल्या?"

त्यानं इंजिन सुरू केलं. पंधराशे ओलांडले, फरशी हादरायला लागली. काजलनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"बाबा, चिंधी एक की दोन?"

जागेश्वर थबकला. ती सात वर्षांची असताना त्यानंच आजीच्या कांड्या भरायच्या चरख्याला लाल चिंधी बांधली होती. चिंधी समोरून गेली, की टाळी. मग दुसरी चिंधी बरोबर पलीकडे बांधून चरखा अर्ध्या वेगानं फिरवला, तरी टाळ्या तेवढ्याच. पोलांची जोडी म्हणजे एक चिंधी, टाळी म्हणजे विजेचं एक आवर्तन, असं त्यानंच समजावलं होतं.

केवढा ओशाळला बिचारा! पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्याची छाती फुगली होती. त्यानं दांडी मागे घेतली. पंधराशे. हर्ट्झचा काटा पन्नासवर येऊन गप्प उभा राहिला.

मग त्यानं मशीनच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. लेकीकडे वळून विचारलं,

"घेऊ का, साहेब?"