मोती आज भुंकला नाही

सकाळपासून तिघींनी फोन करून मोती कुठे आहे असं विचारलं, म्हणून इथे एकदाच लिहिते.

रिक्षा दिसली की आमचा मोती भुंकत अंगावर धावून जायचा. गेल्या महिन्यात शेजारच्या सुशीलाताई रिक्षातून उतरताना त्याला घाबरून पडल्या. मनगट मोडलं. महिनाभरात त्याला शांत करेन, नाहीतर गावाबाहेर देईन, असा शब्द मी त्यांना दिला. रोज कोपऱ्यावर उभी राहायचे. रिक्षा आली की ‘बस’ म्हणायचे, बसला तर फुटाणा द्यायचे. कालपर्यंत तो धावतच होता.

आज उंद्रीचे प्रल्हादभाऊ त्याला मळ्यात न्यायला मालवाहू रिक्षा घेऊन आले. मोती आपणहून खाली बसला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला.

“बाई, हा तं भुकलाच नाही! मंग काऊन देऊन राह्यल्या?”

“मुदत काल संपली,” मी म्हणाले.

रिक्षात चढवून त्याला ‘बस’ म्हटलं. वळणापर्यंत तो बसलेलाच दिसत होता.

तुम्ही आणखी एक दिवस मागितला असता का?

प्रल्हादभाऊंकडे दिलं: मोती, पट्टा, साखळी, लसीचं कार्ड आणि फुटाण्यांचा डबा, अर्धा भरलेला.