भरल्याशिवाय न सुटणारी जीप

जव्हारच्या स्टँडबाहेर एका ड्रायव्हरची मोखाड्याला जाणारी जीप लागायची. माणसं कोंबून भरल्याशिवाय ती सुटायची नाही, आणि तोवर तो आम्हाला अंतराळातल्या लढाया सांगायचा. तसल्या एका इंग्रजी सिनेमाचे तोवरचे सगळे भाग त्यानं व्हिडिओवर पाहिलेले. बॉनेटवर थाप मारून तो यान उडवायचा, हॉर्न दाबून शत्रूचं फोडायचा. दिवसभर शाळेत घसा फोडून शिकवल्यावर माझ्यात त्राण उरलेलं नसायचं, तरी जीप जरा उशिराच भरावी असं वाटायचं.

बऱ्याच वर्षांनी नवा भाग आला. इस्त्रीचा शर्ट घालून तो नाशिकला गेला, पाहून आला.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये आम्ही चौघंच होतो. रानभाजी विकून परतणारी सूर्यमाळची आजी पुढं सरकली. "मंग दादा, मागल्या भागात हरवलेल्या त्या यानाचा काय झाला?"

त्यानं आरसा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"नुसता झगमगाट होता, आजी. जीव लागंल असं माणूसच नव्हतं त्यात."

"तरी सांग ना. गाडी भरायची हाय अजून."

त्यानं रिकाम्या बाकांकडे पाहिलं, आणि चौघांनाच घेऊन जीप सोडली.