घुबडाच्या छातीवरचे ठिपके

हसू नका म्हणून उपयोग नाही, तुम्ही हसणारच. तेव्हा आधी हातातला कप खाली ठेवा. असली फजिती रोज रोज होत नाही!

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. भिंगारला माझा फोटो स्टुडिओ होता. स्थळाला पाठवायचे मुलींचे फोटो ही आपली खासियत! निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली, की डाग-वांग गायब, चेहरा कसा लख्ख.

एक दिवस कॉलेजातले एक सर आले. पक्ष्यांचं भारी वेड त्यांना. कर्जतकडे आबा नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीत, कपारीत, पांढरं घुबड राहायला आलेलं. कपार ढासळत होती म्हणून आबा ती सिमेंटने बुजवणार होते.

"बाळंतपनाला आली आसंल तर थांबतो," आबा म्हणाले होते. "पन नर आसंल तर न्हाई थांबायचो."

उडतानाचा, पोटाकडून फोटो मिळाला तर सर नर की मादी ते ओळखणार होते. आणि फोटो काढणार कोण? आम्हीच!

चार दिवस संध्याकाळी काठावर बसून डास मारले. पाचव्या दिवशी, सूर्य बुडता बुडता, ते बाहेर पडलं. अहो, काय ते उडणं! थेट माझ्या डोक्यावरून गेलं. माझे केस हलले, पण आवाज? एवढासुद्धा नाही! बटण कधी दाबलं, मलाच कळलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं नुसती माणसांचीच तोंडं टिपत बसलो, याचं मनापासून वाईट वाटलं.

फिल्म धुतली. एकच फोटो आला होता, पण पीस न् पीस मोजून घ्या! फक्त छातीवर बारीक काळे ठिपके. फिल्म धुताना बुडबुडे राहिले की असे डाग पडतात. असल्या देखण्या जिवाला डाग? तेही माझ्या स्टुडिओत? बसलो पेन्सिल घेऊन. दोन दिवस! एक ठिपका म्हणून ठेवला नाही.

विहिरीवर सरांनी फोटो हातात घेतला आणि पार डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, भारावले.

"छाती कोरी आहे," ते हळूच म्हणाले. "मादीला दाट ठिपके असतात. आबा, हा नर दिसतोय."

आबांनी सिमेंटचं घमेलं उचललं. मी मधे धावलो.

"थांबा! ठिपके होते! दाट होते! मी... मी पुसले."

"पुसले?" सर ओरडले.

"हाताची सवय हो! मुलींच्या फोटोत पुसतो तसे पुसले."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. आबांनी मात्र घमेलं खाली ठेवलं. "मंग ऱ्हाऊ द्या लेकीला. पिल्लं उडूस्तवर मी हात लावत न्हाई."

मी सुटकेचा श्वास सोडतोय, तोच चहा घेऊन आलेली आबांची सून समोर थांबली. हनुवटीवर चांगला हरभऱ्याएवढा तीळ.

"भाऊ, मी भिंगारचीच. माजा फोटू तुमीच काडल्याला. आमचं तर फोटूवरच ठरलं हुतं! आंतरपाट सरला आन् हे मामाला इचारायला लागले, पोरगी बदलली का म्हनून!"