उन्हाळ्यातलं रॉकेल

हे गेल्यावर मुलाने मला क्योतोला आणलं. मुलगा आणि सून दोघंही विद्यापीठात. दिवसभर घरात मी आणि रॉकेलचा स्टोव्ह. इथे तो स्वयंपाकाला नसतो, खोली गरम ठेवायला असतो. वर किटली ठेवायची आणि समोर बसायचं. मला रडू येत नसे. आठवणही धड येत नसे. बसायला जागा होती एवढंच.

दुसऱ्या थंडीत स्टोव्ह धूर काढू लागला.

"जुना झालाय, आई," मुलगा म्हणाला. "पंख्याचा हीटर आणू. बटण दाबलं की झालं."

"त्याच्यावर किटली राहते का?"

"किटली कशाला? थर्मास आहे ना."

"अरे, आईंना काय हवंय ते तरी विचार," सून म्हणाली.

"तुम्ही ठरवाल तसं," मी म्हटलं. जन्मभर हेच म्हणत आले.

शनिवारी म्हातारा रॉकेलवाला गाडी घेऊन आला, तेव्हा मुलाने त्याला वर बोलावलं. म्हाताऱ्याने वात बाहेर काढली. ती काळी, कडक झाली होती. मग त्याने टाकीतलं थोडं रॉकेल काचेच्या ग्लासात ओतलं. ते फिक्या चहासारखं पिवळं होतं. तो काहीतरी बोलला.

"मागच्या वर्षीचं आहे म्हणतो," मुलाने सांगितलं. "उन्हाळ्यात खराब होतं, त्याने वात जाते. पण आपण तर सगळं संपवलं होतं."

गप्प बसले असते तर जुना स्टोव्ह म्हणून तो कचऱ्यात गेला असता. कुणाला काही कळलं नसतं.

"अर्धा कॅन उरला होता," मी म्हटलं. "मी वॉशिंग मशीनमागे ठेवला होता. तोच ओतला."

मुलगा हसला. "इथे काय रेशनची रांग आहे, आई?"

आमच्या घरी रॉकेलचा थेंब कुणी वाया घालवला नव्हता.

नवी वात यायला आठवडा लागणार होता.

"आठवडाभर थंडीत बसणार? त्यापेक्षा नवीनच आणतो."

"वात बदलायला सांग," मी म्हटलं. "मी काढीन आठवडा."

सून माझ्याकडे बघत राहिली. मुलाने म्हाताऱ्याला सांगितलं. उरलेलं पिवळं रॉकेल तो घेऊन गेला.

तो आठवडा मी स्वेटरवर ह्यांचा मफलर गुंडाळून बंद स्टोव्हसमोरच बसले. सुनेने पायांवर रजई टाकली. किटली रिकामीच वर ठेवली होती.