भूमिपूजनाचा रोलर

देवानंद मारबते आमच्या शेजारचा. सिंदेवाहीच्या अलीकडे आमचं गाव. घरची तलावातली मासेमारी, थोडं धान. बारा वर्षं त्यानं मूल गावातल्या एका राइस मिलचा ट्रॅक्टर चालवला आणि अडतिसाव्या वर्षी हेवी लायसन काढलं. त्याला मोठी गाडी हवी होती. मोठी म्हणजे बाजूला फाळके नसलेला, सपाट, लांबलचक ट्रेलर. ज्यावर पोकलेन, रोलर, पुलाचे गर्डर असलं अवजड सामान साखळ्यांनी बांधून नेतात. ट्रॅक्टरवर धानाची पोती कोणीही नेतो, हे त्याचं म्हणणं.

त्याला नोकरी मिळालेल्या कंपनीचं नाव एवढं लांब होतं की केबिनच्या दारावर मावेना. शेवटचा शब्द डिझेलच्या टाकीवर लिहावा लागला होता. ट्रेलर मात्र दोनच. त्यातला एक कायम जॅकवर. कंपनीचा मालक रस्त्यांची ठेकेदारीही करायचा, म्हणजे माणूस एक आणि पाट्या दोन.

पहिल्या दिवशी गुणवंतराव नावाच्या सुपरवायझरनं नव्या ड्रायव्हरला सुरक्षेवर दीड तास भाषण दिलं. गुणवंतरावांनी आयुष्यात स्कूटीपलीकडे काही चालवलं नव्हतं, त्यामुळे ते न अडखळता बोलले. "मालाचे चारही कोपरे साखळीनं बांधायचे. नियम म्हणजे नियम." यार्डात साखळ्या दोन होत्या. उरलेल्या दोन कोपऱ्यांना नायलॉनचा दोर. मग त्यांनी देवानंदला चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जॅकेट घालायला लावलं, ट्रेलरपुढे उभं करून फोटो काढला आणि जॅकेट परत मागून घेतलं.

"काऊन साहेब?"

"पुढच्याचा फोटो काढायचा राहते ना."

देवानंदला एकच काम मिळालं: एक जुना रोडरोलर गावोगाव नेणं. रोलर चालवायला झाडूभाऊ मडावी. साठीच्या पुढचे, गडचिरोलीकडच्या एका जंगलगावचे, गालात कायम खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. रोलर सुरू व्हायचा, दहा फूट पुढे जायचा, दहा फूट मागे यायचा आणि धूर ओकत बंद पडायचा. ट्रेलरवर तो स्वतःच्या जोरावर चढायचा नाही. केबिनमागे हातानं फिरवायचा एक विंच होता. त्याच्या लोखंडी तारेनं रोलर वर ओढून घ्यावा लागे.

पहिली खेप सिंदेवाहीकडच्या एका गावात. देवानंद उत्साहानं पहाटेच निघाला. गावाच्या तोंडाशी मांडव, लाल गालिचा, खुर्च्या. फलक छापील होता, फक्त गावाच्या नावाची पट्टी वरून चिकटवलेली. नेते आले. त्यांनी रिबिन बांधलेली कुदळ जमिनीला जेमतेम टेकवली, रोलरच्या लोखंडी चाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. झाडूभाऊंनी रोलर दहा फूट चालवला. टाळ्या. गावातल्या म्हाताऱ्यांनी तर हात जोडले. नेते दुसऱ्या गावाला गेले, मांडववाले खुर्च्या उचलू लागले, आणि गुणवंतरावांचा फोन आला: "चढव वापस. उद्या नवरगावच्या पल्याड लागते."

"आन् इथचं काम साहेब?"

"तुह्यं काम गाडी चालवनं हाये."

झाडूभाऊ पचकन थुंकले. "बाबू, हा रोलर नाई. हा देव हाये. देवाले मिरवतेत, कामाले नाई लावत."

देवानंद हसला. मी त्याला क्रांतिकारक वगैरे ठरवणार नाही. सहा गावांत त्यानं तो देव मुकाट्यानं मिरवला. प्रत्येक गावात लोक विचारत, "काम कधी लागते भाऊ?" आणि तो म्हणे, "लागन ना." चाकावर कुंकवाचे थर चढत होते, आणि एकाही गावाला ते जुने थर दिसले नाहीत. फुकटच्या पेढ्यापुढे माणसाला लांबचंही दिसत नाही आणि जवळचंही. देवानंद तर घरी येऊन ट्रेलर वळवायला किती कठीण असतो याच्या गोष्टी सांगायचा. बायको प्रेमिलानं एकदा विचारलं, "पन तुमी नेता काय?" त्यानं विषय बदलला.

सातवं गाव प्रेमिलाचं माहेर निघालं.

आरमोरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला, मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. मे महिना होता. धानाच्या सुकलेल्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, आणि कोरड्या नाल्यातून ट्रेलर कसाबसा पोचला. पावसाळ्यात याच वाटेनं अडलेल्या बाईला खाटेवर घालून न्यावं लागे. देवानंदची सासू, धुरपताबाई, वाटेवरच उभी होती. तिनं जावयाला स्टेअरिंगवर पाहिलं, मागे रोलर पाहिला, आणि तिथूनच ओरडली, "अवो, माह्या जवायानं रोड आनला वो!"

पुढचे दोन तास देवानंदच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. लोक त्याच्या हातात हात देत होते. एका म्हाताऱ्यानं तर नेत्याआधी त्यालाच हार घातला. नेते आले, कुदळ टेकली, कुंकू, नारळ, दहा फूट, टाळ्या. नंतर धुरपताबाईनं त्याला घरी बसवून बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या मासोळीचा रस्सा आणि भात वाढला.

"बापू, उद्यापासून लागते ना काम?"

तो खाली मान घालून जेवत राहिला.

"बोला ना. सोमारी गरवार हाये. श्रावनात दिवस भरतेत तिचे." सोमारी ही तिची धाकटी सून.

"मामी, मले काय मालूम. मी डायवर."

"डायवरले नाई तं कोनाले मालूम राहीन?"

तेवढ्यात फोन वाजला. गुणवंतराव. "पाच वाजेपर्यंत चढव. उद्या सकाळी मूलकडे हाये. नेते लवकर येनार."

देवानंद हात धुऊन निघाला. ट्रेलरपाशी जाऊन त्यानं विंचचा दांडा काढला. हातभर लांबीचा, टोकाला वाकडा. तो नसला तर विंच म्हणजे नुसतं चाक. दांडा हातात घेऊन तो बोडीच्या पाळीवर गेला. कशाला, तर तेलकट दांडा धुवायला, असं त्यानं झाडूभाऊंना सांगितलं. झाडूभाऊंनी पाठ फिरवली आणि खर्रा घोटत बसले. देवानंद कमरेभर पाण्यात गेला आणि त्यानं मूठ उघडली.

मग त्यानं फोन लावला. "साहेब, दांडा पान्यात पडला."

गुणवंतराव तासाभरात मोटारसायकलनं आले, लाल होऊन. "धिवराच्या पोटचा ना तू? उतर. काढ."

देवानंद उतरला. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी गढूळ पाण्यात हातानं मासे चाचपले, त्यांच्या घरातला माणूस. त्यानं कमरेभर पाण्यात इकडे चाचपलं, तिकडे बुडी मारली, वर येऊन शेंबूड शिंकरला. दोन तास. बहुतेक वेळ दांडा त्याच्या उजव्या पायाखाली होता. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा तो पाय जमिनीवर दाबूनही दाखवला.

"नाई भेटून राह्यला साहेब."

"नीट पाह्य!"

"पाहूनच राह्यलो. गाळ लय हाये."

पाळीवर गाव जमलं होतं. गुणवंतराव तिथंही भाषण देऊ लागले, की अवजारं कशी सांभाळावीत. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी ठरलं, दांडा नागपूरहून मागवायचा, दोन दिवसांनी रोलर न्यायचा. रिकामा ट्रेलर घेऊन देवानंदला परत पाठवलं, आणि यार्डात पोचताच नोकरीवरून काढलं. मूलच्या भूमिपूजनात नेत्यांनी ट्रॅक्टरच्या चाकाला कुंकू लावलं म्हणतात. फोटो त्याचाही छापून आला.

दांडा दोन दिवसांत येणार होता, तो नऊ दिवसांनी आला. कंपनीचं सगळं असंच. तोवर दोन मोठे अवकाळी झोडपे येऊन गेले, बांध्यांमध्ये पाणी साचलं, नाला वाहायला लागला आणि वाट चिखलात गेली. ट्रेलर आत गेला, शंभर पावलांवर रुतला, आणि त्याला काढायला दोन ट्रॅक्टर लागले. रोलर स्वतः चालत येईल म्हणावं तर दहा फूट. तीन किलोमीटर म्हणजे किती वेळा दहा फूट, हे गुणवंतरावांनी झाडूभाऊंना खरंच विचारलं.

मालकाची खरी अडचण वेगळी होती. रस्त्याचे ठेके मिळवायला स्वतःचा रोलर असावा लागतो, आणि जुलैत यंत्रांची तपासणी होती. रोलर यार्डात उभा दिसायलाच हवा होता.

तेव्हा त्या माणसानं जे केलं ते त्यानं मनापासून आयुष्यात कधीच केलं नसतं. त्यानं रस्ता बांधला. टिप्पर लावले, नाल्यात सिमेंटचे पाइप टाकले, दगड भरला, वरून मुरूम पसरला. मुरूम दाबायला दुसरा रोलर भाड्यानं आणला, चालणारा. पंधरा दिवस पावसाशी झगडत काम चाललं. मग ट्रेलर आत गेला, कुंकवाचा रोलर विंचला बांधून वर ओढला, आणि वाजतगाजत नव्हे, गुपचूप बाहेर काढला. मुरूम वापस नेता आला असता तर तोही नेला असता.

गावानं काय केलं? गावानं नेत्याच्या आभाराचा फलक लावला. शब्द दिला, शब्द पाळला. खाली पंधरा तरुणांचे गॉगल घातलेले फोटो. देवानंदचं नाव कुठेही नव्हतं, आणि सासरच्यांनीही ते सुचवलं नाही. नोकरी गमावलेला जावई मिरवण्यासारखा नसतो.

त्याला याचं वाईट वाटलं का, मी विचारलं. तो म्हणाला, "वाटलं ना. दोन दिवस जेवलो नाई." मग म्हणाला, "पन मले राग नेत्याचा नाई, माह्याच येते. सहा गावं म्या काऊन सोडली?" ती सहाही गावं अजून चिखलातच आहेत, आणि तिथले लोक आजही काम कधी लागते म्हणून वाट बघतात.

त्यानं मूलच्या राइस मिलवाल्याला जाऊन हात जोडले नाहीत. आरमोरीत एका धानाच्या व्यापाऱ्याचा दहाचाकी ट्रक चालवतो आता. मालक तोंडाचा घाण, पण ट्रकला चारही कोपऱ्यांना साखळ्या आहेत.

श्रावणात सोमारीच्या पोटात दुखू लागलं, तेव्हा ऑटो थेट दारात आला. मुलगी झाली. बारशाला देवानंद आणि प्रेमिला गेले. धुरपताबाईही त्याच ऑटोनं दवाखान्यात जाऊन आली होती, आणि सगळ्या पाहुण्यांना कंबर धरून सांगत होती, "काय रोड बनवला मेल्यायनं! गोटेच गोटे. हाडं खिळखिळी झाली माही."