इलिमानी हालू द्या

नालवाडीच्या वळणावर त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीवर जुन्या कॅलेंडरचं एक पान, त्यावर इलिमानी. म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजमधला बर्फाचा डोंगर. नाव तिथल्या आयमारा लोकांचं, पण हा ते घरातल्या म्हाताऱ्याचं घ्यावं तसं घ्यायचा.

पानाला फक्त वरून एक खिळा. दुरुस्त झालेला कूलर तो त्या पानासमोर लावायचा. कुणी घाई केली की म्हणायचा, "काऊन तडफडून राह्यले भाऊ? इलिमानी हालू द्या, मंग न्या." पान नुसतं थरथरलं तर मोटर पुन्हा उघडायचा. डोंगराचा पायथा भिंत सोडून वर उठला, तरच कूलर पास.

आईच्या शेवटच्या मे महिन्यात आमचा कूलर बंद पडला. त्यानं घरी येऊन तो नीट केला आणि हत्यारं तशीच टाकून सायकलवरून निघून गेला. परतला तो ते पान गुंडाळून घेऊन. आईच्या खाटेसमोर खिळा ठोकून त्यानं ते लावलं, कूलर सुरू केला.

"पाह्य माय, हालून राह्यला का नाई?"

किती दिवसांनी आई हसली. "हालला रे बाबा," म्हणाली.

पान त्यानं कधी परत मागितलं नाही. दुकानात मग कूलरसमोर नुसता हात धरायचा, आणि समाधान न झाल्यासारखा उभा राहायचा.

आता ते दुकान नाही. आमच्याकडे एसी आहे. खोली छान गार होते. इलिमानी मात्र जागचा हलत नाही.