इंदूबाईंची घट्ट नाडी

गांधीबागेत साड्यांची ठोक दुकानं ढिगानं आहेत, पण दुसऱ्याची ढिली साडी पाहून जिला स्वतःलाच चक्कर येते अशी बाई फक्त आमच्याच दुकानात आहे. इंदूबाई, वय एकसष्ट. काम साड्यांच्या घड्या घालण्याचं, आणि बिनपगारी काम म्हणजे दुकानातल्या प्रत्येक बाईच्या कमरेवर देखरेख. नवी मुलगी कामावर आली की तिचं नाव विचारण्याआधी त्या तिच्या परकराची नाडी तपासतात. "काहून वं, कंबर हाय का पोतं? आवळ अजून!" मी तिथेच फॉल-पिकोच्या मशीनवर बसते. एकवीस वर्षं झाली, अजून माझीही सुटका नाही.

गेल्या वर्षी माझ्या मशीनखालची फॉलची कात्रणं नाहीशी होऊ लागली. आधी उंदरांना शिव्या देऊन झाल्या. मग एकदा मागच्या मोरीत इंदूबाईच सापडल्या. डाव्या कमरेवर, नाडीच्या बरोबर खाली, रुपयाएवढी ओली जखम. तिच्यावर हळद, हळदीवर फॉलची घडी, आणि ती घडी सरकू नये म्हणून वरून नाडी आणखीच करकचून बांधलेली. थाट असा, की फॉलचा रंगही साडीशी जुळवून घेतलेला!

"डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं.

"कंबर दाखवू? माह्या नवऱ्यानं नाही पाह्यली धड. सरिता, कोणाले सांगशील तं माहं मेलेलं तोंड पाहशील."

शपथ घातली म्हणून मी गप्प बसले. जखम महिन्यामहिन्यानं पसरत होती आणि मी शपथ पाळत होते. या शहाणपणाची मला आजही चीड येते.

आमच्या ओमप्रकाश शेठची नवी सून सोनिका कातडीची डॉक्टर आहे. एका बुधवारी दुपारी शटर अर्धं ओढून तिनं कामगारांची त्वचा तपासायला घेतली. त्वचेचा कॅन्सर हे शब्द ऐकून देवाजींनी आधी हसून घेतलं. देवाजी आमचे जुने सेल्समन, गिऱ्हाइकाला साडी स्वतःच्या अंगावर नेसून दाखवतात. "आमाले ऊन लागतेच कुठं, बहूजी? आमी तं ट्यूबलाइटीत पिकलो." टक्कल मात्र त्यांनी दोनदा तपासून घेतलं.

बायकांसाठी वरच्या माळ्यावर पडदा लावला होता. इंदूबाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, हातपाय नीट दाखवा म्हणून दटावलं, आणि स्वतः दोन तळहात पुढे करून उठल्यासुद्धा. "झालं ना, बहूजी?" मी पडद्यापाशीच वाट अडवून उभी राहिले. तोंड उघडायची छाती होईना आणि त्यांना जाऊही देववेना.

"थांबा मावशी," सोनिका म्हणाली. "साडी नेसणाऱ्या बायकांची कंबर पाहावी लागते. नाडी रोज एकाच जागी काचते. तिथली कातडी काळी पडते, सोलते. जखम वर्षानुवर्षं तशीच राहिली तर तिथे कॅन्सरही होऊ शकतो."

सगळ्या बायका पदर सावरत भिंतीला चिकटल्या. तेव्हा सोनिकानं स्वतःचीच नाडी सैल केली. लग्नाला उणेपुरे पाच महिने, कमरेवर बारीक काळपट रेघ. "ही बघा माझी."

इंदूबाईंनी चष्मा सावरून रेघ पाहिली, आणि त्यांना राहवेना. एवढ्याशा रेघेचं एवढं कौतुक?

"हे होय? याले का आवळणं म्हणतेत? इकडं पाहा!" आणि आजवर कोणापुढे न सुटलेली नाडी त्यांनी एका झटक्यात सोडली.

मला हसू फुटलं, त्यामागोमाग रडूही. सोनिका हसली नाही. हातमोजे घालून तिनं फॉलची घडी हळूच उचलली आणि जखमेच्या कडा दाबून पाहिल्या. "किती दिवस झाले?"

"दोन दिवाळ्या झाल्या असतीन," इंदूबाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता.

जखमेचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत त्या सगळ्यांवर दुप्पट खेकसत होत्या आणि आम्ही मुकाट ऐकून घेत होतो. कॅन्सर निघाला. पण फार आत शिरला नव्हता, ऑपरेशनमध्ये सगळा कापून काढता आला. महिन्याभरानं इंदूबाई इलॅस्टिकची सलवार घालून कामावर आल्या. "कॉलेजात नाव टाकलं का वं, इंदूबाई?" देवाजी म्हणाले आणि अंगावर आलेला साड्यांचा गठ्ठा त्यांनी वरच्या वर झेलला.

त्याच दुपारी सोनिका टाक्यांची जागा पाहायला आली. "छान भरलंय, मावशी. वेळेवर सापडलं. घरात आणखी कोणा बाईला असं काही आहे का?"

"आता नाही," इंदूबाई घडी घालता घालता म्हणाल्या. "मायले होतं. उमरेडले मागावर बसे. अशीच जखम, याच जागी. आमाले वाटे, बाईले हे असतेच. मंग वास सुटला, ताप येऊ लागला. गेली."

घडी घालणारा हात थांबला.

"बहूजी, माहं कापलं तसं तिचं कापलं असतं, तं माही माय वाचली असती का?"

सोनिकानं त्यांच्या हातातली साडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बहुतेक वाचल्या असत्या, मावशी."

"बेचाळीसचीच होती वं ते," इंदूबाई मला म्हणाल्या, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.